न आलेला ठसका

मुलांनो, एक मूठ वळा पाहू. घट्ट नको, आत लिंबू धरलंय अशी सैल. आता कल्पना करा की तुम्ही तेवढेच आहात, त्या मुठीएवढे. तुमचं काळीज भिजवलेल्या हरभऱ्याएवढं. आणि वरून एक हात खाली येतोय. पाच बोटं, त्यातलं प्रत्येक बोट तुमच्या पायांहून जाड. तो हात दाणे द्यायला आलाय की पकडायला, हे कळायला काही मार्ग नाही. मागच्या खेपेला हात आला होता, तेव्हा त्यात कात्री होती आणि तुमचे पंख कापले गेले होते.

तुम्ही काय कराल?

कणीस किंचाळायचं. पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात आपटत जायचं, डोक्यावरचा तुरा सपाट चिकटवायचं आणि हात निघून गेला तरी बराच वेळ थरथरत राहायचं.

कणीस हा पोपटाच्या जातीचा पक्षी. आपला हिरवा, लाल चोचीचा राघू नव्हे. राघू रानाचा, त्याला घरात कोंडणं कायद्यानं गुन्हा आहे. कणीस मूळचं ऑस्ट्रेलियाकडच्या जातीचं. करडं अंग, पिवळं तोंड, गालावर नारिंगी टिकली आणि डोक्यावर मक्याच्या कणसाला येतो तसा पिवळा तुरा. म्हणून त्याला पुढे सांभाळणाऱ्या मनवानं त्याचं नाव कणीस ठेवलं. अशी पाखरं पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेली असतात. बाहेर सोडली तर कावळे त्यांना दुपारपर्यंतही ठेवत नाहीत.

करी रोडच्या एका टॉवरमधलं बिऱ्हाड फ्लॅट सोडून गेलं आणि हा पिंजरा बाल्कनीतच राहिला. तीन दिवसांनी वॉचमनला शीळ ऐकू आली. त्यानं तो परळला अनुजाताईंच्या निवाऱ्यात पोचवला. अनुजाताई पक्ष्यांच्या डॉक्टर. एका जुन्या शेडमध्ये त्या जखमी आणि टाकून दिलेली पाखरं सांभाळायच्या, आणि बरी झालेली पाखरं घरं नीट पारखून तिथे द्यायच्या.

मनवा लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. वय अकरा. बाबा बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. आई, म्हणजे प्रिती, दादरला कपड्यांच्या दुकानात कामाला. शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत घरात मनवा एकटीच. त्या एकटेपणात तिनं वर्षभर पाखरासाठी हट्ट केला, तेव्हा कुठे आई तिला घेऊन परळला गेली.

"महिनाभर देतेय," अनुजाताई म्हणाल्या होत्या. "तिसाव्या दिवशी मी घरी येऊन बघणार. ह्याच्या छातीवरची पिसं बघितलीस? भीती वाटली की हा स्वतःचीच पिसं उपटतो. ती छाती म्हणजे ह्याचं प्रगतिपुस्तक समज. भरली तर हा तुझा. नाहीतर मला परत न्यावा लागेल, रागावू नकोस."

"नाही रागावणार," मनवा म्हणाली. तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं.

अनुजाताईंनी एक कागदही दिला. आईनं तो दाराच्या मागे चिकटवला. त्यावर पहिलीच ओळ जाड अक्षरात होती: धूर नको. उदबत्ती नको, धूप नको, डासांची कॉइल नको, रिकामा नॉनस्टिक तवा तापत ठेवू नका. पाखराचा श्वास आपल्यासारखा नसतो, हवेतलं थोडंसं विषही त्याला पुरतं.

मनवानं तो कागद पाठ केला. आईनं देव्हाऱ्यातली उदबत्ती बंद केली, नुसतं फूल वाहू लागली. चाळीत मांजरं फार, म्हणून पिंजरा उंच, छताजवळच्या हुकाला टांगला. खाली उतरवायला स्टुलावर चढावं लागे, पण मांजराची उडी तिथवर पोचत नव्हती.

मग मनवा रोज शाळेतून आली की पिंजरा खाली उतरवून जमिनीवर ठेवायची, हातभर लांब बसायची आणि भूगोलाचं पुस्तक मोठ्यानं वाचायची. कणसाकडे बघायची नाही. बघितलं की ते घाबरायचं. नवव्या दिवशी तिनं गजातून राळ्याची एक लोंबी आत सरकवली आणि हात तिथेच ठेवला. कणीस पाच मिनिटं गोठून राहिलं. मग एक पाऊल, मग अजून एक. लोंबीचं टोक हललं. कोकणातल्या नद्या वाचता वाचता मनवाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं मान वळवली नाही.

विसाव्या दिवसापर्यंत छातीवर करडी लव आली. आणि चोविसाव्या दिवशी समोरच्या गल्लीत कुणाच्या तरी हळदीचा डीजे लागला.

भिंती थरथरत होत्या. मनवानं पिंजऱ्यावर चादर टाकली, खिडक्या लावल्या. आतून नुसता फडफडाट ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या तळाशी लव पडलेली होती, कापसासारखी. कणसाच्या छातीवर दोन रुपयांच्या नाण्याएवढा गुलाबी डाग दिसत होता.

शनिवार उजाडला तो एकोणतिसावा दिवस. डाग आता पाच रुपयांच्या नाण्याएवढा झाला होता. उद्या अनुजाताई येणार होत्या.

मनवाला जेवण गेलं नाही. आई कामावर निघाली, तेव्हा "उद्या बघू गं, सांगू त्यांना डीजेचं" एवढंच म्हणाली. पण मनवाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: पिंजरा जिना उतरून चालला आहे आणि ती गॅलरीत उभी आहे.

दुपारी शेजारच्या मालनकाकी डोकावल्या. काकींचं गाव मालवणजवळ, नवरा गिरणीत होता तेव्हापासून त्या ह्याच खोलीत. गुडघे दुखतात म्हणून त्या चालताना दर दोन पावलांना भिंतीवर हात टेकायच्या आणि सगळ्या चाळीची खबर ठेवायच्या.

"काय गो बाय, तोंड असा कित्या केलंस? सुतकातलो माणूस बरो दिसता."

मनवानं छातीचा डाग दाखवला.

काकींनी चष्मा पुढे ओढला. "अरे देवा. ह्येका दिष्ट लागली हा."

"दृष्ट? पाखराला?"

"मग? केवढा गोजिरवाणा ता! चाळीतली सगळी पोरां येऊन बघून गेली. त्या तळमजल्यावरच्या बायनं तर फोटो पण काढल्यान. माणसाच्या पोराक लागता, मग ह्या तर मुठीभर पाखरू. आज शनिवार आसा, थांब, मी काढतंय."

मुलांनो, दृष्ट कशी काढतात ते तुम्ही घरी बघितलंच असेल. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घ्यायच्या, ओवाळायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. खरं तर मिरची जळाली की माणसं खोकून खोकून बेजार व्हायला हवीत. पण दृष्ट लागलेली असेल, तर म्हणे ठसका येतच नाही. सगळा तिखटपणा दृष्टच खाऊन टाकते. ठसका आला नाही की बायका एकमेकींकडे बघून मान डोलावतात: बघा, होती की नाही?

मनवाला कागद आठवला.

"काकी, पण धूर नको. कागदावर लिहिलंय."

"मग हय कित्या जाळूचा? ओवाळतंय हय आणि जाळतंय माझ्या घरात. माझा दार बंद. मगे झाला?"

हे मनवाला पटलं. खरं सांगायचं तर तिला पटवून घ्यायचंच होतं. माणूस घाबरला की तो पहिल्या दिसलेल्या दोरीला धरतो, ती कुठे बांधली आहे हे बघत नाही.

काकींनी टांगलेल्या पिंजऱ्याखाली उभं राहून, स्टुलाचा आधार घेत, हात वर करून सात वेळा मूठ फिरवली, पुटपुटल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. दार लागल्याचा आवाज आला. मनवानं आपलंही दार लावलं, फटीत पायपुसणं खोचलं. ती श्वास रोखून उभी राहिली.

"आलो काय गो ठसको?" पलीकडून काकी ओरडल्या.

"नाही!"

"माकाव नाय आलो! बघ, काय जबरदस्त दिष्ट होती ती! थांब, अजून घालतंय. तीनदा करूक व्हया."

मनवा हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. तिला नाकात काहीच झोंबत नव्हतं. फार तर फोडणी जरा जास्त तापल्यासारखा, आला न आलासा वास.

पण मनवानं एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. चाळीतल्या दोन खोल्यांमधली भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती. वरची हातभर जागा लाकडी जाळीची होती, वारा खेळावा म्हणून पूर्वीच्या लोकांनी ठेवलेली. त्या जाळीतूनच तर काकींचा आवाज एवढा स्पष्ट येत होता. आणि गरम धूर काय करतो? वर जातो. खाली उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यावरून, जाळीतून, पलीकडे. जिथे मांजरापासून जपलेला पिंजरा टांगला होता, नेमका तिथे.

वरून टप्प असा आवाज झाला.

मनवानं वर बघितलं. दांडी रिकामी होती.

ती स्टुलावर कशी चढली ते तिला आठवत नाही. कणीस तळाशी बसलं होतं, पंख सैल सोडून, चोच उघडी. प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी वर-खाली, वर-खाली होत होती. तिनं हात जवळ नेला. ते किंचाळलं नाही. हललंसुद्धा नाही. कणीस हाताला घाबरलं नाही, आणि त्यानंच मनवाच्या अंगावर काटा आला.

स्टुलावर उभी असताना, तोंडाच्या पातळीवर, तिला तो ठसका लागला. घशात सुई टोचावी तसा.

"काकी!"

काकी आल्या, बघितलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "पाणी घाल, पाणी घाल तोंडात."

"नाही! पाणी छातीत जाईल!" मनवानं बुटांचं खोकं रिकामं केलं, झाकणाला पेन्सिलीनं भोकं पाडली, आत मऊ फडका घातला आणि कणसाला अलगद उचलून ठेवलं. महिनाभरात पहिल्यांदा ते तिच्या हातात आलं होतं. ते किती हलकं होतं! जणू हातात काही नव्हतंच.

काकींच्या मोबाइलवरून तिनं अनुजाताईंना फोन लावला.

"ताई, कणीस पडलं. श्वास घेता येत नाहीये त्याला."

"कशानं?"

मनवानं दारामागच्या कागदाकडे पाठ केली. "माहीत नाही."

"ताबडतोब घेऊन ये."

नाक्यावर टॅक्सीवाला म्हणाला, "परळ? इतना नजदीक नहीं जाएगा."

काकींनी दार उघडून आत बसकण मारली. "नजदीक है तो तेरा क्या जाता है रे मेल्या? हितं जीव जाताहा! चला!" टॅक्सीवाला इतका दचकला की मीटर पाडायचंच विसरला.

खोक्यातून बारीक आवाज येत होता, शिट्टीत पाणी गेल्यासारखा. मनवा भोकाला डोळा लावून मोजत होती: श्वास, श्वास, श्वास. एक उशिरा आला की तिचाही अडायचा.

काकी तिच्या कानाशी वाकल्या. त्यांचा आवाज चाळीतला राहिला नव्हता. "बाय, दिष्टीचा काय बोला नको हां. त्या डॉक्टरणीक कळला तर ती पाखरू परत देवची नाय. आणि तुझ्या आवशीक मी काय तोंड दाखवू? माझीच चूक गो. पण बोला नको."

मनवानं मान हलवली. तिलाही तेच हवं होतं.

शेडमध्ये अनुजाताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं, झाकण उघडलं, बघितलं आणि त्यांचा चेहरा घट्ट झाला.

"पटकन सांगा. काय झालं? काही खाल्लं? घरात धूर, स्प्रे, रंग, काही?"

मनवानं काकींकडे बघितलं.

"काय तरी खाल्ल्यान आसतला," काकी म्हणाल्या. "पोरां काय काय आणून घालतत."

"काय खाल्लं?"

"ता नाय म्हायती."

अनुजाताईंनी हातमोजे चढवले. बोलता बोलता त्या कपाटातून एक बारीक नळी काढत होत्या, एक जाडसर टॉवेल ओढत होत्या. "विषारी काही पोटात गेलं असेल तर ते आधी बाहेर काढायला हवं. टॉवेलात धरून नळी घालावी लागेल. मनवा, नीट ऐक. हा आधीच भित्रा आहे, त्यात दमलाय. धरल्यावर भीतीनंच त्याचं काळीज थांबू शकतं. पण खाल्लं असेल तर दुसरा इलाज नाही. धुराचं असतं तर मी ह्याला बोटही लावलं नसतं, सरळ ऑक्सिजनच्या पेटीत ठेवला असता. म्हणून विचारतेय. नक्की खाल्लंय?"

काकी मनवाकडे बघत होत्या. मनवा टॉवेलकडे बघत होती.

टॉवेल उचलला गेला. त्याच्या खाली हात होता, निळ्या मोज्यातला, पाच बोटांचा. तो खोक्यावर आला. कणसाचा तुरा, जो मघापासून पडलेला होता, तो आणखी खाली, डोक्याला चिकटून सपाट झाला. तेवढीच ताकद त्याच्यात उरली होती. घाबरण्यापुरती.

"थांबा!" मनवा ओरडली. "नका धरू! धूर आहे. मिरच्यांचा. आम्ही दृष्ट काढली. मी काढायला दिली. तीन वेळा जाळल्या. आम्हाला ठसका आला नाही म्हणून मला वाटलं धूर नाहीच. पण तो वर होता, वर जाळीतून आला, मी स्टुलावर चढले तेव्हा मला लागला. कागदावर पहिलंच लिहिलं होतं, मला पाठ आहे ते, तरी मी..."

अनुजाताईंनी तोवर टॉवेल टाकून दिला होता. त्यांनी फडक्यासकट कणसाला उचललं, काचेच्या पेटीत ठेवलं, नळीचा कॉक फिरवला. फुस्स आवाज सुरू झाला.

मग काही करण्यासारखं उरलं नाही.

मुलांनो, वाट बघणं हे भीतीचं सगळ्यात लांब टोक. काकी बाकावर बसून पदर चावत होत्या. मनवा काचेपाशी उभी होती. शेपटी वर-खाली होत होती. एकदा ती थांबली, आणि मनवाला वाटलं आपलंही सगळं थांबलं. मग ती पुन्हा हलली. अनुजाताईंनी पेटीत कसली तरी औषधाची वाफ सोडली. तासाभरानं, की दोन तासांनी, कणसाची चोच मिटली. शेपटीची उसळी कमी झाली. त्यानं एक डोळा उघडून काचेबाहेर बघितलं आणि पुन्हा मिटला.

"जगेल," अनुजाताई म्हणाल्या. "नळी घातली असती तर नसतं जगलं."

काकी हमसून रडू लागल्या. "माका बोला काय ता. पोराचा काय नाय त्यात."

"काकी, तुम्ही वाईट चिंतून केलं नाही. पण पाखराच्या फुप्फुसाला तुमचं मन दिसत नाही." अनुजाताई त्यांच्याजवळ पाण्याचा पेला ठेवून मनवाकडे वळल्या. त्यांच्या हातात एक कागद होता. "उद्या मी तुझ्या घरी येऊन हा भरणार होते. आता आलेच आहात, तर इथेच भरू. तुझ्या आईला फोन केला मी. ती निघाली आहे. म्हणाली, पाखराला मनवानं सांभाळलंय, तिलाच विचारा."

मनवानं कागद घेतला. वरच्या ओळी अनुजाताईंनी भरल्या होत्या: दाणा-पाणी, उत्तम. स्वच्छता, उत्तम. शेवटचा प्रश्न कोरा होता. पक्ष्यासाठी हे घर आत्ता सुरक्षित आहे का?

"तुला आता माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे," अनुजाताई म्हणाल्या. "तुमच्या चाळीत कोण काय जाळतं, कुठून कुठे येतं. तू सांग. जे लिहिशील ते मी मानेन."

मनवाला सगळी खोली दिसली. जाळी. काकींचा रोज संध्याकाळचा धूप, पलीकडच्या खोलीतली कॉइल, खालच्या मजल्यावर उन्हाळ्यात भाजला जाणारा मसाला. महिनाभर कणीस जगलं ते नशिबानंच. तिला 'हो' लिहायचं होतं. इतकं हवंसं काही तिला आजवर कधी वाटलं नव्हतं. आणि हातात पेन होतं. कुणी अडवणार नव्हतं.

काकी रडायच्या थांबल्या होत्या. काचेच्या पेटीतून फुस्स आवाज येत होता.

मनवानं कागद टेबलावर सपाट केला. तिनं लिहिलं, 'नाही'. अक्षर वाकडं आलं, म्हणून तिनं ते खोडून पुन्हा लिहिलं, सरळ आणि ठळक. खाली आपलं नाव घातलं. कागद अनुजाताईंच्या हातात दिला, फ्रॉकच्या बाहीनं नाक पुसलं आणि विचारलं,

"ताई, उद्या तुम्ही शेड किती वाजता उघडता?"